भाजणीची कढई

दिवाळीच्या आधी महिनाभर आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा रोख ठरलेला असतो. चकली तेलात का विरघळली, बेसनाचे लाडू टाळ्याला का चिकटले, अनारशाला जाळी का पडली नाही, असे प्रश्न आमच्या वाचक-भगिनी दरवर्षी विचारतात आणि आम्हीही यथाशक्ती उत्तरे देतो. यंदा मात्र बडोद्याच्या एका सुनेने वेगळाच प्रश्न विचारला. तिने लिहिले, "प्रमाणे सगळी आहेत, सासूबाईंची वही आहे, डाळी चांगल्या आहेत, पण भाजायचे कशात, हे वहीत कोठेच लिहिलेले नाही." पत्र वाचले आणि आम्हाला आमचीच एक जुनी चूक आठवली. तीच आज सांगावी, म्हणजे प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळेल.

आमच्या इंदुरातील घरी सासूबाईंची एक बिडाची कढई होती. त्यांच्या लग्नात आलेली, तळ गुळगुळीत काळाभोर झालेला आणि वजन चांगले चार किलो. वर्षातून तीन-चार वेळा ती माळ्यावरून खाली उतरे. थालिपिठाची भाजणी, चकलीची भाजणी, संक्रांतीचे तीळ आणि बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, एवढाच तिचा मान. पंधरा वर्षांपूर्वी घराला रंग द्यावयाचा होता. माळा रिकामा करताना आम्ही सासूबाईंना विचारले, "आई, ही कढई ठेवायची का?" त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "नको गं, आता कोण उचलणार ती?" आम्ही तो होकार समजलो. भंगारवाल्याने कढई तराजूत टाकली, चार पैसे आमच्या हातावर ठेवले आणि आम्ही त्याच दिवशी बाजारातून एक चकचकीत, हलकी, स्टीलची कढई घेऊन आलो.

त्या वर्षीची चकली आमच्या घरात कोणी विसरलेले नाही. हरभऱ्याच्या डाळीला बाहेरून काळे ठिपके पडले आणि दाणा फोडून पाहावा तो आत कच्चा. उडदाची डाळ करपली म्हणून आच कमी करावी, तर तांदूळ तासभर पांढरेच. पीठ दळून आले, चकल्या पाडल्या. त्या तेलात पडताच लालभडक झाल्या, आत मऊ राहिल्या आणि चवीला कडवट लागल्या. आम्ही डाळीला दोष दिला, गॅसला दिला, गिरणीवाल्यालाही दिला. सासूबाईंनी एक चकली मोडून पाहिली व त्या एवढेच म्हणाल्या, "अगं, डाळीला ऊब लागते. तुझ्या कढईजवळ नुसता चटका आहे."

ऊब आणि चटका यांतील हा भेद समजला, की भाजण्याच्या भांड्याची निवड निम्मी झाली असे समजावे. धान्याचा दाणा भाजतो म्हणजे काय होते? प्रथम त्याच्यातील उरलासुरला ओलावा निघून जातो. तो आत असेतोवर दाण्याचा गाभा फारसा तापत नाही. ओलावा गेल्यावर उष्णता साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली, की दाण्यातील प्रथिने व शर्करा यांचा संयोग होऊन तो तांबूस रंग आणि तो खमंग वास उत्पन्न होतो. मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ साली या क्रियेचे वर्णन केले, म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्या आज्या-पणज्यांनी तिला 'खरपूस' हा एकच नेमका शब्द ठेवला होता. ही क्रिया दाण्याच्या गाभ्यापर्यंत जावयाची तर उष्णता सावकाश आणि सर्व बाजूंनी पोहोचली पाहिजे. पातळ भांड्यात बर्नरच्या कड्यावरील भाग भलताच तापतो व बाकीचा थंड राहतो. त्यातच गार धान्य ओतले की भांड्याची उष्णता एकदम उतरते. मग आपण घाईने आच वाढवतो आणि तळाशी असलेले दाणे बळी पडतात. जाड भांड्याने मात्र उष्णता आधीच साठवून ठेवलेली असते. ते धान्य पडल्यावर डगमगत नाही, आणि आपला हात क्षणभर थांबला तरी लगेच करपवीत नाही.

आता धातूंचा विचार करू. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्याचा गुण उष्णता साठविण्याचा आहे, ती वाहून नेण्याचा नव्हे, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ॲल्युमिनियम हे बिडाच्या तीन-चार पट वेगाने उष्णता पसरविते. उलट तेवढ्याच आकारमानाचे बीड ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे तृतीयांशाने अधिक उष्णता साठवून ठेवते. म्हणून बिडाची कढई मोठ्या आचेवर एकदम तापवू नये. तशी तापविली तर मधला भाग लाल आणि कडा थंड अशी तिची अवस्था होते. मंद आचेवर पाच-सात मिनिटे रिकामी ठेवावी, कडांना ऊब आली की मगच धान्य घालावे. एवढे पथ्य पाळले तर कोरड्या भाजणीला बिडासारखे भांडे नाही.

दुसरी, लोखंडी पत्र्याची कढई. ही बिडापेक्षा हलकी, पडली तरी न फुटणारी व स्वस्त. पत्रा निदान दोन मिलिमीटर जाड असावा. तीन असल्यास उत्तम. ज्यांना बीड पेलत नाही त्यांनी हिचाच विचार करावा. पोह्यांचा चिवडा, रवा, शेंगदाणे यांना ती उत्तम.

तिसरी पितळेची. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी ती आजही असेल आणि तिच्यावर कल्हई असेल. कल्हई म्हणजे कथिलाचा थर आणि कथील २३२ अंशांना वितळते. कोरड्या भाजणीत रिकाम्या भांड्याचा तळ तेथवर सहज जाऊ शकतो. तेव्हा कल्हईच्या कढईत कोरडे धान्य भाजू नये. तुपावर बेसन भाजण्यास मात्र, आच मंद ठेवल्यास, ती चालेल.

चौथी स्टीलची. नुसते स्टेनलेस स्टील उष्णता फार सावकाश पसरविते, बिडाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. म्हणून एकेरी पातळ स्टीलची कढई भाजण्यास सर्वांत वाईट. आमची फजिती तिनेच केली. अलीकडे दोन स्टीलच्या पदरांमध्ये ॲल्युमिनियमचा पदर घातलेली तिपदरी कढई मिळते. ती महाग असते, परंतु रवा, शेवया, मसाले आणि तुपावरील बेसन तिच्यात चांगले भाजले जाते, आणि आंबटाचेही तिला भय नाही. ज्यांना एकाच कढईत सर्व करावयाचे आहे त्यांना ती सोयीची.

पाचवी ॲल्युमिनियमची किंवा हिंडालियमची. जाड व खात्रीच्या ठिकाणची असेल तर भाजण्याच्या दृष्टीने ती वाईट नाही. परंतु येथे एक सावधगिरीची सूचना दिलीच पाहिजे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या ॲल्युमिनियम, पितळ व हिंडालियमच्या काही भांड्यांतून अन्नात शिसे उतरू शकते, असा इशारा दिला. शिसे हे लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना विशेष घातक. म्हणून फुटपाथवरील, कोणत्याही खुणेविना विकली जाणारी, भंगार वितळवून ओतलेली असण्याचा संशय येईल अशी भांडी स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नयेत.

सहावी नॉनस्टिक. डोसे-धिरडी यांच्यासाठी ती घरात असावी, तक्रार नाही. परंतु कोरड्या भाजणीसाठी ती नव्हेच. तिच्यावरील लेप सुमारे २६० अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो, आणि रिकामे भांडे मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तेथवर पोहोचते. त्यातून निघणारा धूर माणसाला त्रासदायक व पिंजऱ्यातील पक्ष्यांना प्राणघातक असतो. शिवाय धान्याच्या दाण्यांनी आणि कालथ्याने तो लेप खरवडला जातो, ते निराळेच.

धातू ठरल्यावर आकार. भाजण्याचे भांडे खोलीपेक्षा घेराने मोठे असावे, म्हणजे वाफ चटकन निघून जाते. चार-पाच माणसांच्या घरास २६ ते २८ सेंटिमीटर घेराची कढई पुरते. तिच्यात एका वेळी पाव ते अर्धा किलो धान्य घालावे. थर बोटाच्या एका पेराहून जाड नसावा. "एकदाच काय ते भाजून टाकू" या हव्यासाने पुष्कळ भाजण्या बिघडल्या आहेत. चकलीसाठी तांदूळ चार वाट्या, हरभऱ्याची डाळ दोन, उडदाची एक, असे प्रमाण असले तरी प्रत्येक जिन्नस वेगळा भाजावयाचा तो यासाठीच, की प्रत्येकाचा दाणा निराळा आणि वेळ निराळी. तिळासाठी मात्र किंचित खोल भांडे बरे; ते तडतडून उडतात, आणि ग्वाल्हेरच्या आमच्या वाचकांना गजकेच्या हंगामात हे सांगण्याची गरज नाही.

ज्या गावी आपण राहतो त्या गावाच्या भाजण्याचाही विचार करावा. हैदराबादेकडच्या घरांत बघारे बैंगन आणि मिरचीच्या सालनासाठी तीळ, शेंगदाणे व सुके खोबरे भाजावे लागते; ही तिन्ही तेलकट, चटकन करपणारी. त्यांस मध्यम जाडीची, हलक्या हाताने हलविता येणारी कढई हवी. बेळगावचा कुंदा म्हणजे दूध आटवून तांबूस होईतो परतणे. तेथे जाड तळाला पर्याय नाही. गोव्याकडे वाटणासाठी ओले खोबरे भाजतात. त्यातील ओलाव्यामुळे वेळ लागतो, म्हणून पसरट भांडे. मात्र त्या वाटणाचे कालवण कोकम घालून त्याच लोखंडी कढईत उकळू नये. आंबटाने लोखंड विरघळते, कालवण काळसर होते आणि कढईवरील थरही जातो. बडोद्याच्या ज्या सुनेने आम्हाला लिहिले, तिला आम्ही सांगू, की गुजराती शेजारणीकडे रोटल्याची मातीची तावडी दिसते तिच्याकडे नीट पाहावे. सावकाश तापणे आणि धरून ठेवणे हा गुण तिच्यातही आहे. आपल्या खापराची ती सख्खी बहीण.

बाजारात गेल्यावर काय पाहावे? सासूबाईंना घेऊन आम्ही राजवाड्याजवळच्या बर्तन बाजारात गेलो, तेव्हा त्यांनी जे केले तेच सांगतो. त्यांनी प्रथम कढई सपाट फरशीवर ठेवून डुलते का ते पाहिले. मग कडेवर बोट फिरवून जाडी सर्वत्र सारखी आहे ना, याची खात्री केली. बोटाच्या पेराने तिला ठोकले. बिडाला चीर असेल तर आवाज बद्द येतो, निर्दोष असेल तर घंटेसारखा घुमतो. आतून हात फिरवला. बारीक खडबडीतपणा चालतो, खड्डे चालत नाहीत. पांढऱ्या रुमालाने पुसून काळा रंग सुटतो का ते पाहिले. दोन्ही कान कढईबरोबर ओतलेले आहेत की मागाहून जोडलेले, तेही तपासले. आणि शेवटी कढई दोन्ही हातांनी उचलून, परातीत धान्य ओतावे तशी तिरपी करून पाहिली. ती त्यांना जमली नाही. त्यांनी ती मुकाट्याने खाली ठेवली, आणि तेव्हा कोठे आम्हाला पंधरवड्यापूर्वीच्या त्या वाक्याचा अर्थ कळला. "आता कोण उचलणार ती?" हा नकार नव्हता, होकारही नव्हता. त्यांची मनगटे गेली होती, आणि आम्ही एका घरात राहून ते पाहिले नव्हते.

भाजण्याच्या भांड्याची खरी अडचण वजनाचीच आहे. जाड भांडे आच बंद केल्यावरही भाजत राहते. रवा बदामी झाला म्हणून गॅस बंद करावा आणि कढई तशीच ठेवावी, तर पाच मिनिटांत तो तपकिरी होतो. म्हणून भाजलेले तात्काळ परातीत काढलेच पाहिजे, आणि काढावयाचे तर गरम, तीन-चार किलोंचे ओझे उचलले पाहिजे. हात चुकला तर भाजणी जमिनीवर आणि कढई पायावर. यावर सासूबाईंनीच पुढे तोड काढली. कढई उचलावयाचीच नाही. रंग हवा त्याच्या किंचित अलीकडे असतानाच आच बंद करावयाची, आणि कढई चुलीवरच ठेवून सपाट वाटीने किंवा पसरट डावाने धान्य शेजारच्या परातीत भराभर काढावयाचे. शेवटचा घास काढेतो त्याचा रंग बरोबर जुळतो. ज्यांच्या घरी ओव्हन आहे त्यांनी शेंगदाण्यासारखे जिन्नस पसरट ट्रेमध्ये एकाच थरात घालून १६० अंशांवर वीस मिनिटांच्या आसपास ठेवावेत, मधून एक-दोनदा हलवावेत. मनगटाला तेवढाच विसावा.

शेगडीचा विचारही आवश्यक. गॅसवर गोल बुडाची कढई चालते. ज्वाला मात्र तळाबाहेर जाऊ देऊ नये. इंडक्शनच्या शेगडीवर सपाट तळाचेच भांडे हवे, व त्याला लोहचुंबक चिकटला पाहिजे. त्या शेगडीवर बीड ठेवल्यास सुरुवात लहान आकड्यावरच करावी. एकदम मोठ्या आचेने ओतीव लोखंड तडकू शकते.

नवी लोखंडी कढई घरी आणल्यावर ती 'मुरवावी' लागते. साबणाने एकदा स्वच्छ घासावी, चुलीवर पूर्ण कोरडी करावी, जवसाचे किंवा शेंगदाण्याचे तेल अगदी पातळ लावून पुसून घ्यावी, आणि धूर येऊन थांबेतो तापवावी. असे तीन-चार वेळा करावे. त्यानंतर कांद्याचे काप परतून टाकून द्यावेत. तापलेल्या तेलाचा जो काळा, टणक थर बसतो तोच कढईचे खरे धन. मग तिला भिजत ठेवू नये, तापलेली असता गार पाणी घालू नये, आणि वापरानंतर तेलाचे बोट फिरवून ठेवावी. लोखंडी भांड्यातून अन्नात थोडे लोह उतरते, हे खरे. परंतु ते ओल्या व आंबट पदार्थांत. कोरड्या भाजणीतून त्याची फारशी अपेक्षा करू नये.

नवी कढई घरी आली की एक परीक्षा अवश्य करावी. चमचाभर कोरडा रवा तळावर सारखा पसरून मंद आचेवर ठेवावा, हलवू नये. तो सर्वत्र एकाच वेळी तांबूस होऊ लागला तर कढई चांगली. एका जागी काळा आणि दुसरीकडे पांढरा राहिला, तर ती जागा ओळखून ठेवावी व तेथे कालथा अधिक फिरवावा.

त्या दिवशी आम्ही दुसरी, २४ सेंटिमीटरची, लहान कढई घेतली. घरात तिची थट्टा झाली. एवढ्याशा कढईत दिवाळीची भाजणी कधी व्हायची? झाली. चार घाण्यांऐवजी सात लागले, इतकेच. सासूबाई खुर्चीवर बसून वासावरून सांगत, "आता काढ," आणि आम्ही काढीत असू. दाणा थंड झाल्यावर त्या दाताखाली एक धरून पाहत. कट्ट आवाज आला की मान हलवीत. ती मान हलणे हीच आमच्या चकलीची पावती होती. पुढची पाच वर्षे तरी ती मिळत राहिली.

आता त्या नाहीत. गेल्या वर्षी आमची लेक नोकरीसाठी बंगळुरूला गेली. तेथे भाजणीची तयार पाकिटे मिळतात हे आम्हालाही ठाऊक आहे. पण तिने विचारले, "आई, मी काय नेऊ?" आम्ही तिच्यासाठी सपाट तळाची, २२ सेंटिमीटरची एक कढई आणून, घरीच चार वेळा मुरवून दिली आणि तिला आधी एकच गोष्ट करावयास लावली. कढई दोन्ही हातांनी उचलून तिरपी करून दाखव म्हटले. तिला ती सहज पेलली.

बडोद्याच्या आमच्या भगिनीला हेच उत्तर. तळ जाड हवा, घेर मोकळा हवा, आणि कढई भाजणाऱ्याच्या हाताला पेलली पाहिजे. आणि हो, माळा रिकामा करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांना "ठेवायची का?" एवढेच विचारून थांबू नये. "तुम्ही यात कसे भाजत होता?" असेही विचारावे. वहीत न लिहिलेले पुष्कळसे त्या उत्तरात मिळेल.